ईद आणि आखाजी एका दिवशी

आमच्या गावच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात माझ्या अक्षरातली एक जन्मतारीख चुकीची आहे. ती मी मुद्दाम चुकवली नव्हती. उलट बरोबर लिहायची म्हणून दोन दिवस खपून काढली होती. पण त्या तारखेपायी एका मुलीचं वय कागदावर जवळजवळ एका वर्षाने वाढलं, आणि माझ्या आईचा शब्द गावात खोटा ठरला. दोन्ही गोष्टी माझ्यामुळे झाल्या. त्यांतली एक मला उशिरा कळली. दुसरी मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती.

आमचं घर माळ्याचं. अनसिंगच्या रस्त्याला दीड एकराचा मळा आहे. वांगी, मेथी, कोथिंबीर, पुदिना. आई भाजी पिकवायची, बाजारात नेऊन विकायची आणि गावात बाळंतपणं करायची. तिला अक्षरओळख नाही. सरकारी दवाखान्यात दाईचं शिक्षण झालं तेव्हा तिने अंगठा दिला होता. पण तिच्या हातून झालेलं प्रत्येक मूल तिला तिथीसकट पाठ. अमका नागपंचमीच्या आदल्या दिवशी, तमकी पोळ्याच्या दिवशी भर पावसात, असं ती सांगे, आणि मग विचारणारा माणूस हिंदू असो की मुसलमान, तिथून पुढचा हिशेब तीच बोटांच्या पेरांवर करून देई.

दोन्हीकडचे महिने तिला ठेवावेच लागत. रमजानमध्ये कोथिंबीर-पुदिन्याला मागणी असते आणि कोथिंबीर साधारण चाळीस दिवसांची. म्हणजे यंदा रमजान कधी लागणार ते वाफा टाकतानाच माहीत हवं. ती मला लहानपणी समजावून सांगायची, "आपले सनवार मोटेच्या बैलावानी असतात. दर साली अकरा-अकरा दिवस मागं सरकतात, अन् धोंड्याचा महिना आला की पुन्हा पुढं येतात. त्याईच्या ईदेले धोंडा नाही. ते घान्याच्या बैलावानी. मागं फिरनं नाही, साऱ्या सालाले चक्कर मारते." धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना, दोन-तीन वर्षांनी येणारा तेरावा. पुढे शिक्षक होताना मी चांद्रवर्ष आणि सौरवर्ष शिकलो, तीनशे चोपन्न दिवस आणि तीनशे पासष्ट दिवस, तेव्हा त्यात मला नवीन काहीच नव्हतं. फक्त आकडे नवीन होते. हे मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही.

शहाण्णव साली मी गावातल्याच शाळेवर रुजू झालो. बावीस वर्षांचा होतो. तेव्हा पहिलीत मूल घालायला आई-बाप यायचे ते रिकाम्या हाताने. जन्मतारीख विचारली की म्हणायचे, लिहा तुमच्या मनानं. जुने गुरुजी सरसकट एक जून लिहीत. माझ्या स्वतःच्या दाखल्यावरही एक जूनच आहे, आणि मी कार्तिकातला आहे. मी ठरवलं, माझ्या हातून एकही एक जून जाणार नाही. प्रत्येकाची खरी तारीख शोधून लिहायची.

पहिल्याच आठवड्यात आमच्या गल्लीतले चाचा मुलीला घेऊन आले. चाचा पिंजारी. कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचे. दाढीला, भुवयांना कायम कापसाचं तूस. पोरगी त्यांच्या पायामागे लपलेली.

"मास्तर, पोरगी ईदेची हाय," चाचा म्हणाले. "अन् त्याच दिवशी तुमची आखाजी बी व्हती. तुमच्या मायनंच काढली तिले. साल मले नोको पुसू."

मला आनंद झाला. हे तर गणितच होतं. ईद वर्षाला अकरा दिवस मागे सरते, पूर्ण चक्कर मारायला तिला तेहतीस वर्षं लागतात. म्हणजे ईद आणि आखाजी, आपली अक्षय्य तृतीया, एकत्र येण्याचा योग तेहतीस वर्षांतून एकदा. मुलगी सहा-सात वर्षांची दिसते, तेव्हा तो योग कोणत्या साली आला एवढंच शोधायचं. शाळेच्या कपाटात वह्यांना कव्हर घालायला जुनी कॅलेंडरं ठेवलेली असत. त्यांत एकोणनव्वदचं मिळालं. मे महिन्याचं पान काढलं, तर ईद आणि अक्षय्य तृतीया एकमेकींना खेटून. ईद चंद्रावर ठरते, एखादा दिवस इकडेतिकडे होणारच. सापडलं! मी तिथेच थांबलो. नव्वदचं कॅलेंडर त्या गठ्ठ्यात नव्हतं, आणि मी ते शोधलंही नाही.

घरी आलो तेव्हा आई बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती. मी तिला मोठ्या ऐटीत सांगितलं. ती जुडी बांधता बांधता म्हणाली, "नाही रे. तुह्यं ते साल मले समजत नाही, पन ती पोट्टी धोंड्याच्या आदल्या सालची हाय."

"आई, असा योग तेहतीस वर्षांत एकदाच येतो."

"कोन म्हनलं?"

"हिशेब आहे तो."

"मंग हिशोब चुकला अशीन तुहा. दुसऱ्या साली धोंडा व्हता, मले पक्कं याद हाय."

"तुझ्या हातून शे-दोनशे पोरं झाली. एखादीची गल्लत होणारच की."

तिने पुढची जुडी बांधायला घेतली. मी रजिस्टरात मे एकोणनव्वद लिहिलं, अंकात आणि अक्षरात. चाचांनी विचारलं, "भाभी काय म्हनली?" तेव्हा मी हसून म्हणालो, "आईला आता नीट आठवत नाही."

चाचा मुळातले सरळ. त्यांनी मळ्यात जाऊन आईला विचारलं. मी तेव्हा विहिरीजवळ होतो, मला ऐकू आलं. आई म्हणाली, "मास्तर म्हनते तसंच अशीन भाऊ. माही याददाश गेली आता."

तिची याददाश गेली नव्हती. तिने मला वाचवलं होतं. नोकरीला लागून आठवडाच झालेला. गावासमोर पोराचा शब्द खाली पडू नये म्हणून तिने आपला टाकला. हे मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि मी विहिरीजवळून हललो नाही. पंचायतीचं कार्यालय शाळेपासून शंभर पावलांवर होतं. जन्माची नोंदवही तिथे असते हेही माहीत होतं. गेलो नाही.

नंतर हळूहळू बायका आईला विचारेनाशा झाल्या. लेकराचा वाढदिवस कधी, ओटी भरायला कितवा महिना, हे पूर्वी मेथीच्या जुडीबरोबर विचारलं जायचं. आता त्या शाळेच्या दारात यायच्या. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटे.

मुलगी माझ्याच वर्गात होती. वर्गात सगळ्यांत बुटकी. तिच्या आरोग्यपत्रिकेवर 'वयाच्या मानाने वाढ कमी' असा शेरा मी लिहिला आहे, आणि चाचींना बोलावून पोरीला दूध देत चला म्हणून चार शब्द सुनावलेही आहेत. चाची बिचाऱ्या मान हलवत राहिल्या. पोरीची वाढ कमी नव्हती, ती एका वर्षाने लहान होती. डोकं मात्र तल्लख. बारावीपर्यंत शिकली, गावातच दिली, दोन लेकरं झाली.

दोन हजार बावीस साली ईद आणि अक्षय्य तृतीया पुन्हा एका दिवशी आल्या. मी चाचांकडे शीरखुर्मा प्यायला गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आज बरोबर तेहतीस वर्षं झाली. हा योग आता आपल्यापैकी कितीजण पुन्हा बघतील कोण जाणे!" चाचा म्हातारे झालेले, त्यांनी डोळे पुसले. मी घरी येऊन आईने केलेली पुरणपोळी खाल्ली. फार बरा दिवस गेला.

पुढच्या वर्षी कॅलेंडर उलटताना माझा हात थांबला. एप्रिलच्या एकाच चौकटीत रमजान ईद आणि अक्षय्य तृतीया. पुन्हा. लागोपाठ दुसऱ्या वर्षी.

गणिताच्या माणसाला हे कळायला एक मिनिट पुरतं. मला इतकी वर्षं लागली. ईद अकरा दिवस मागे सरते हे खरं, पण मधे धोंडा आला नाही तर आखाजीही अकराच दिवस मागे सरते. दोघी हात धरून चालतात. धोंडा आला की आखाजी महिनाभर पुढे जाते आणि हात सुटतो. म्हणजे हा योग एकटा येत नाही. तेहतीस वर्षांपूर्वीही तो दोनदा आला असणार. एकोणनव्वदला आणि नव्वदला. आणि आई म्हणाली होती, धोंड्याच्या आदल्या सालची.

त्या ईदेला चाचांकडून वाटी घेऊन ती मुलगीच आली. दारातून हसत म्हणाली, "सर, यंदा बी दोन्ही संगच आले की. मंग मी कोनत्या सालची धरू?"

तिच्या हातातून वाटी घेतली आणि म्हणालो, "छान झालाय शीरखुर्मा." अजून चाखलाही नव्हता.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मी गप्प राहिलो. स्वतःला सांगत होतो, आता तिची शाळा संपली, लग्न झालं, एका वर्षाने कुणाचं काय अडतं?

अडलं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या गावच्या अंगणवाडी सेविकेची जागा निघाली. उमेदवार गावचाच हवा, बारावी हवी, आणि वय पस्तिसाच्या आत. ती दाखला घेऊन शाळेत आली. मी जेवणाचा डबा उघडून बसलो होतो.

"सर, फॉर्म भराले गेली, तं तिथली मॅडम म्हनते, तुमचं वय निंगून गेलं. पस्तीस अन् नऊ महिने." तिने दाखला माझ्यापुढे ठेवला. "अब्बा म्हनतात मी धोंड्याच्या आदल्या सालची. मी लहान असतानी त्याईले बडी मायनं सांगतलं व्हतं म्हने. पंचायतीत बी गेली. ग्रामसेवक साहेबानं हे तारीख काढून पाह्यली. नोंदच नाही म्हनतात. आता सहा दिवस राह्यले फॉर्मले."

बडी माय म्हणजे माझी आई. नोंद नाही, कारण ग्रामसेवकाने मे एकोणनव्वदचं पान उघडलं होतं. माझं पान.

"ती तारीख मी चुकीची लिहिलीय," मी म्हणालो. वाक्य तोंडातून निघायला जड गेलं नाही याचंच नवल वाटलं. "तुझी चूक नाही, अब्बांची नाही, आईची तर नाहीच."

तिने दाखला पुन्हा उचलला. मग म्हणाली, "सर, मले दूध पी, दूध पी म्हनून किती तरास देला तुमी."

तसाच मळ्यात गेलो. आई आता अठ्याहत्तरीत आहे. वाफ्याच्या कडेला बसून मेथी उपटत होती. तिच्यासमोर मातीत बसलो आणि सगळं सांगितलं. कॅलेंडर, विहीर, मागच्या दोन वर्षांचं गप्प राहणं. ती ऐकत होती, हात चालूच.

"मंग? मी कवाचीच सांगून राह्यली."

"तुला इतकं पक्कं कसं आठवतं, आई? पंचायतीत विचारतील."

"कसं म्हंजे? आखाजीचा दिवस. घागर भरून झालती, चुलीवर पुरन शिजत व्हतं. तिचा बाप नमाजीहून पयत आला, नवीन कपड्यानिशी. मी पुरन तसंच ठेवून गेली. करपलं ते. तुह्या बापानं दोन दिवस बोलनं खाल्लं माह्यं अन् मी त्याचं."

"ते दोन्ही वर्षी घडलं असतं ना? एकोणनव्वदला आणि नव्वदला?"

आता तिने हात थांबवले. माझ्याकडे जरा कीव करून बघितलं. "तुले शिकवनाऱ्यानं तुले काय शिकवलं रे? पहिला वाढदिवस पाय न तिचा. दुसऱ्या साली ईद आली, तं धोंड्यात आली. तिच्या मायनं शीरखुर्मा पाठवला, पोट्टीले एक साल झालं म्हनून. मी म्हनलं, माह्या लेखी अजून व्हयाचं हाय. एक महिन्यानं आखाजी आली, तवा मी पुरनपोळी घेऊन गेली. दोन वाढदिवस झाले तिचे त्या साली. साऱ्या गल्लीनं हासून घेतलं. ती जर आदल्या सालची असती, तं पहिल्या वाढदिवसाले ईद अन् आखाजी संगच नसती आली?"

हा पुरावा होता, शास्त्रात देतात तसा. एकोणनव्वदला जन्मली असती तर पहिला वाढदिवस एकच झाला असता. दोन झाले, एका महिन्याच्या अंतराने, म्हणजे मधे अधिक महिना पडला, म्हणजे जन्म नव्वदचा. आईने हे कुठे मांडलं नव्हतं, फक्त जपून ठेवलं होतं. आणि मी तिला शहाण्णव साली एकदाही विचारलं नव्हतं, की तू असं का म्हणतेस.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन पंचायतीत गेलो. ती, मी, चाचा काठी टेकत, आणि मुलगी. ग्रामसेवक तरुण, नीट वागणारा मुलगा. त्याने आईला खुर्ची दिली आणि मोबाईल काढला. "आजी, थांबा, मी यात बघतो. हे पाहा, नव्वदची ईद. हे एक दिवस मागंपुढं होऊ शकते म्हणते."

"त्याले म्हना, मागंपुढं नाही झाली," आई म्हणाली. "पुरन करपलं त्या दिवशी झाली."

चाचा खो-खो हसले. "भाभी, त्या पुरनाचं माह्यावर घालू नका. मी म्हनलो व्हतो, उतरवून ठेवा."

"तुमी कुठी म्हनले? तुमी तं नुसते रडून राह्यले व्हते."

ग्रामसेवकाने नव्वदची नोंदवही काढली. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण पानं शाबूत. तो एप्रिलवर आला, बोट खाली खाली नेत गेला. आम्ही सगळे त्या बोटाकडे बघत होतो. मुलगी बघत नव्हती, तिने तोंड भिंतीकडे केलं होतं.

"सापडलं," तो म्हणाला.

सत्तावीस एप्रिल. मुलगी. नावाचा रकाना कोरा. बापाचं नाव, धंदा पिंजारी. खबर देणाऱ्याच्या रकान्यात 'दाई' आणि त्यापुढे अंगठा.

"हा अंगठा तुमचा का, आजी?"

आईने वही डोळ्यांजवळ नेली. अक्षरं तिला वाचता येत नाहीत, पण अंगठा तिने बराच वेळ पाहिला. "माहाच. बाजाराच्या दिवशी सांगाले येत व्हती मी. भाजीची पाटी भाईर ठेवून."

वर्गात पोरांसमोर मी पुष्कळ वेळा बरोबर ठरलो आहे. त्या दिवशी आई बरोबर ठरली, आणि मला वाटलेला अभिमान माझ्या कुठल्याच अभिमानासारखा नव्हता. त्यात लाजही होती, पण ती कमी होती. खोटं कशाला सांगू? त्या खुर्चीजवळ उभं राहताना मला बाहेरच्या बाकावर बसलेल्या अनोळखी माणसांना सांगावंसं वाटत होतं, की ही माझी आई आहे.

नाव चढवून दाखला मिळाला, तरी शाळेच्या दाखल्यावर वेगळी तारीख राहणारच होती. म्हणून मी लेखी जबाब दिला. पालकांनी आणि दाईने जन्माची खूण बरोबर सांगितली होती, मी ती स्वतःच्या हिशेबाने बदलली, नोंदवही तपासली नाही, दोष माझा. ग्रामसेवक म्हणाला, "सर, इतकं लिहायची गरज नाही. अनवधानाने झाली म्हणा." मी तसं म्हटलं नाही. अनवधान नव्हतं ते. पुढे वरून खुलासा मागवला, तो दिला. ताकीद मिळाली, ती माझ्या सेवापुस्तकात आहे.

फॉर्म शेवटच्या दिवशी गेला. कागद तपासायला वाशिमला बोलावलं तेव्हा तिच्याबरोबर मी गेलो. मला बाहेर बसवलं, पण दार उघडंच होतं. आतल्या साहेबांनी दोन्ही दाखले समोर धरले. "बाई, एका माणसाच्या दोन जन्मतारखा कशा?"

"साहेब, एक आमच्या सरांची हाय अन् एक आमच्या दाईची," ती म्हणाली. "दाईची खरी हाय. सरानंच लिहून देलं तसं."

साहेबांनी माझा जबाब वाचला. पूर्ण वाचला, मधे एकदा मागचं पान पुन्हा उलटलं. मग म्हणाले, "लिहिता न येणाऱ्या बाईने पस्तीस वर्षांपूर्वीची तारीख तिथीवरून सांगितली आणि वहीत तीच निघाली. असा साक्षीदार मी अजून पाहिला नाही." आणि शिक्का मारला.

यादी पंधरा दिवसांनी लागली. तिचं नाव पहिलं होतं. ती पेढे घेऊन आधी आमच्या मळ्यात गेली. मी शाळा सुटल्यावर पोहोचलो तेव्हा आई पुदिन्याला पाणी देत होती, आणि पेढ्याचा पुडा विहिरीच्या कठड्यावर उघडा पडलेला.

"झालं न पोट्टीचं काम," ती म्हणाली.

"झालं."

ती पाण्याची वाट वळवत राहिली. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तो वाशिमचा साहेब काय म्हनला व्हता?"

मी सांगितलं. तिने मान हलवली, फावड्याने थोडी माती ओढली, पाणी पुढच्या वाफ्यात गेलं. मग फावडं टेकून उभी राहिली.

"पुना सांग," ती म्हणाली. "मोठ्यानं सांग. मले कमी ऐकू येते."

तिला चांगलं ऐकू येतं. मी मोठ्याने सांगितलं.